वेळेच्या नियोजनाचा तास

आणि वर मलाच ऐकवतात, तुला मोठ्यांशी बोलता येत नाही. अहो, बोलता येतं, म्हणून तर भांडण झालं...

तुम्हाला सांगते, मी कॉलेजच्या मदत कक्षात काम करते. मदत कुणाला, तर प्रोबेशनवर टाकलेल्या मुलांना, म्हणजे ज्यांचे मार्क इतके घसरलेत की कॉलेजने बजावलंय, या सत्रात सुधारा, नाहीतर नाव काढून टाकू. कक्षाचे प्रमुख आमचे सर. रिटायर झालेत, पण गेलेले नाहीत. तर सरांनी नियम काढला, या प्रत्येक मुलाने त्यांच्या 'वेळेचं नियोजन' या तासाला बसायचंच, नाहीतर प्रोबेशन उठणार नाही. तास कधी? अकराला. अकराला आणखी काय असतं? गणित. आणि मुलं नापास कशात झालीत?... बरोबर.

मी गेले सरांकडे. म्हणाले, "अगं, सकाळी माझं फिरणं असतं, जेवणानंतर मला बोलवत नाही. त्यांनी जरा जुळवून घ्यावं. सगळं मुलांच्याच भल्यासाठी."

बाकीची पोरं बेरकी. हजेरी लागली की एकेक करून मागच्या दाराने गणिताला पसार. पण आमचा शिडी? इतका उंच की नुसता उठला तरी फळा झाकायचा, तो पळणार कसा? आणि पळणाराही नव्हता. वडील अंथरुणाला खिळलेले, आई नाही, त्यांचं सगळं करता करता हा नापास झालेला. वडिलांनी एकच सांगितलेलं, "सर म्हणतील तसं कर, बाळा." म्हणून हा पहिल्या बाकावर.

एकदा सरांनी दिवसाचं वर्तुळ काढून रंगवायला लावलं. शिडीने रंगवलं, वडिलांची आंघोळ, वडिलांचं जेवण, औषधं, कूस बदलणं, धुणं... कॉलेजला जागाच उरली नाही. सरांनी चष्मा वर करून पाहिलं. "झोप कमी कर."

मी त्याला म्हटलं, बस कर तो तास, गणिताला जा. तर म्हणतो, "मॅडम, नियम आहे." मग दुपारी कॅन्टीनच्या कोपऱ्यात मीच त्याला गणित शिकवलं. आणि यायला लागलं हो त्याला. एक अवघड उदाहरण सुटलं, तर आधी इकडेतिकडे बघितलं, कुणी रागावेल की काय अशा चेहऱ्याने, आणि मग हसला. अख्ख्या सत्रात तेवढाच.

परीक्षा आली आणि गणिताच्या बाईंनी त्याला बसूच दिलं नाही. हजेरी कमी. मी धावत गेले. म्हटलं, अहो, तो तुमच्याच कॉलेजात, शेजारच्याच खोलीत बसलेला असायचा. बाई म्हणाल्या, "माझ्या वर्गात नव्हता, एवढं मला पुरे." सरांकडे गेले. सर म्हणाले, "गणिताची हजेरी माझ्या हातात नाही गं. आणि आवाज खाली." आवाज खाली! मुलाचं नाव कॉलेजातून काढलं, आणि यांना खटकला माझा आवाज. सगळं मुलांच्याच भल्यासाठी...

पण थांबा, संपलं नाही. सत्राअखेर सरांचा छोटासा समारंभ. वेळेच्या नियोजनात एकही तास न चुकवलेला विद्यार्थी म्हणून प्रशस्तिपत्र कुणाला? शिडीला. त्याला बोलवायचं काम माझ्याकडे. मला वाटलं, तोंडावर फोन आपटेल. आला. इस्त्रीचा शर्ट घालून, वाकून नमस्कार करून, दोन्ही हातांनी घेतलं त्याने ते. सरांचे डोळे पाणावले. "अशी मुलं पाहिजेत," म्हणाले. अहो, होती की.

जिन्यात मी त्याला गाठलं. म्हटलं, वेड्या, कशाला आलास?

म्हणाला, "बाबांना दाखवायला काहीतरी हवं होतं. सांगेन, पहिला आलो."

"आणि कशात, ते विचारलं तर?"

"नाही विचारणार. रडायला लागतील."

आता यात खोटं तरी काय आहे, तुम्हीच सांगा. आमच्याकडे तो पहिलाच होता. पुढच्या सत्राला सर आणखी एक तास वाढवतायत. बाराला. बाराला भौतिकशास्त्र असतं... सगळं मुलांच्याच भल्यासाठी.