पॅसेजची भिंत

मंडळी, ऐका! टाळकरी, टाळ जरा मांडीवर ठेवा. आणि मागं खांबाला टेकून बसलेले काका — हो, तुम्हीच! — डुलकी आली असेल तर आवरा, आता आख्यान सुरू होतंय. पहिला प्रश्न तुम्हालाच. आत्ता कशाला टेकलात? खांबाला! बरोबर. मग मला सांगा, घरातली भिंत कशासाठी असते? बघायला, की धरायला?

हसू नका! सोपा वाटला ना प्रश्न? "महाराज, भिंत छप्पर पेलायला असते!" हे इंजिनियरचं उत्तर झालं. मला माणसाचं उत्तर पाहिजे. बघायला, की धरायला? कारण या प्रश्नापायी संगमनेरच्या एका भल्या माणसाला भर पाहुण्यांत मान खाली घालावी लागली, आणि ती मान अजून काही वर आलेली नाही.

त्याचं नाव जनार्दन वाघचौरे. डेअरीत नोकरी, घर स्वतःचं, वडिलांनी बांधलेलं. घराच्या मधून एक लांब, अरुंद बोळ. बोळ म्हणायचं नाही बरं का, पॅसेज म्हणायचं! त्या पॅसेजच्या एका टोकाला आईची खोली, दुसऱ्या टोकाला हॉल, आणि हॉलच्या कोपऱ्यात देवघर. पॅसेजमधून हॉलमध्ये उतरायला एक पायरी. ही पायरी ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

घरात माणसं चार. जनार्दन, त्याची बायको शैलजा, मुलगी ऋतुजा आणि म्हातारी आई, भागीरथीबाई. आईचे गुडघे गेलेले. एका डोळ्यानं काही दिसत नाही, दुसऱ्यानं अंधुक. पण सकाळी देवापुढं दिवा लावायचा तो तिनंच! उठायचं, गुडघ्यांना तेल चोळायचं, वाती पदराच्या टोकाला बांधायच्या आणि निघायचं. डावा हात भिंतीला. भिंत धरत, धरत, धरत... शेवटाशी हाताला एक खिळा लागायचा. नवऱ्याची टोपी अडकवायचा खिळा तो. नवरा गेला, टोपी गेली, खिळा तेवढा राहिला. खिळा लागला की म्हातारीनं ओळखायचं, पायरी आली! मग पाय जपून खाली. वर्षानुवर्षं हाच रिवाज. मग त्या भिंतीचं काय झालं असेल? बोला की! पट्टा पडला! कमरेच्या उंचीवर, खोलीपासून पायरीपर्यंत, तेलकट काळा पट्टा.

आता झालं काय, ऋतुजाला बघायला राहुरीचे पाहुणे येणार असं ठरलं. मुलगा चांगला, घराणं चांगलं. जनार्दननं आपल्या घरावर एकदा पाहुण्याच्या नजरेनं नजर फिरवली, आणि त्याला काय दिसलं? पट्टा! इतकी वर्षं तो रोज त्याच्याच बाजूनं ये-जा करत होता, तेव्हा दिसला नाही. त्या दिवशी दिसला, आणि लाज वाटली त्याला. मंडळी, या माणसाला पहिली लाज कशाची वाटली बघा — आईच्या हाताची!

"शैला, घराला रंग द्यायचा," म्हणाला.

आणि हा काही साधासुधा गडी नव्हे! मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. दुकानातून शेडकार्डं आणली. जेवताना डाव्या हातात कार्ड, झोपताना उशाशी कार्ड! एवढा अभ्यास शाळेत केला असता तर — जाऊ द्या, तुमचीही पोरं इथं बसलीत. बायको पोळ्या लाटतेय आणि हा ओट्याला टेकून प्रवचन देतोय. "रंग कुठला ते सोड गं, फिनिश महत्त्वाचं! स्वयंपाकघराला चकचकीत. फोडणी उडाली की ओलं फडकं मारलं, संपलं! बाथरूमला ओल सोसणारा. ऋतुजाच्या खोलीला सॅटिन, मंद चमकणारा. सिलिंगला साधा पांढरा, तिथं कोण हात लावतंय! आणि हॉलला मॅट! चमक म्हणून नाही. दिसायला मखमल, आणि भिंतीचे उंचवटे सगळे लपून जातात. फक्त धुता येत नाही."

चुकीचं बोलला का हो? अजिबात नाही! ज्या खोलीला जे पाहिजे ते बरोबर सांगितलं त्यानं. पेटीवाले, तुम्ही ध्यानात ठेवा, तुमच्याही घराचं काम निघालंय म्हणे!

शैलजानं लाटणं थांबवलं. "आणि पॅसेजला?"

"मॅटच. हॉलमधून सगळा पॅसेज दिसतो. एकसारखं गेलं पाहिजे."

"अहो, पण मॅट धुता येत नाही, तुम्हीच म्हणालात ना? तिथं आईंचा हात लागतो. तिथं धुता येईल असा लावा."

"नाही लागणार हात."

"म्हणजे?"

"मी बोलतो आईशी," जनार्दन म्हणाला, आणि कार्ड मिटून उठला.

रंगारी आला. त्याचं म्हणणं काय? "साहेब म्हणतील तसं!" पट्टा घासला, पुट्टी भरली. घासता घासता खिळा आला. "साहेब, हा ठेवायचा का?" साहेब फोनवर! हातानंच खूण केली, काढ. खिळा निघाला, भोक बुजलं, वरून मॅट फिरला. भिंत अशी सुरेख झाली की कुणालाही तिच्यावर हात फिरवावासा वाटावा.

आईशी बोलायचं मात्र लेक विसरलाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी नेहमीसारखी उठली. गुडघ्यांना तेल चोळलं, पदराला वाती बांधल्या, दाराबाहेर आली, डावा हात भिंतीला ठेवला —

"आई! हात! हात काढ आधी!"

दचकली हो म्हातारी! हात काढला. पण तेलाची बोटं उमटायची ती उमटलीच. जनार्दन ओलं फडकं घेऊन धावला. घासायला लागला. तो मॅट ना? जसजसं घासलं तसतसा डाग पसरला, आणि वर नको ती चमक आली. झालं, गड्याचं डोकं फिरलं.

"काय करून ठेवलंस हे? अगं, नातीचं लग्न जमायचंय! पाहुणे येऊन जाईपर्यंत तरी भिंतीला हात लावू नकोस. कळतंय का काही?"

आईनं हात पदराला पुसला. एकदा पुसला, परत पुसला. म्हणाली, "बरं बाबा. मला दिसलं नाही रे."

उलट बोलली नाही. रडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, मंडळी! आपण चुकतो तेव्हा समोरच्यानं दोन शब्द सुनावावेत, म्हणजे आपलाही हिशेब चुकता होतो. ही नुसती "बरं बाबा" म्हणाली आणि खोलीत परत गेली.

त्या दिवसापासून दिवा शैलजा लावायला लागली. म्हातारी खोलीतूनच हात जोडायची. "देव काय, इथंही आहे," म्हणायची. जेवणाचं ताटही खोलीतच जायला लागलं. रंगारी पुन्हा येऊन डाग झाकून गेला. आणि जनार्दनला काय वाटलं? वाईट वाटलं असेल, म्हणता? नाही हो! सुटल्यासारखं वाटलं त्याला! पॅसेज स्वच्छ, भिंत स्वच्छ. रोज कामावरून आल्यावर तो आधी भिंत बघायचा. आईच्या खोलीचं दार लोटलेलं असायचं, ते उघडून बघायचं मात्र राहून जायचं.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे आई-वडील आणि आजी. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या वडिलांनी सहज म्हटलं, "रंग छान निघालाय हो!" बस्स! एवढंच पाहिजे होतं. जनार्दन उठलाच. "मॅट आहे! बघा, इकडून बघा, उजेड पडला तरी चमकत नाही!" बिचाऱ्या व्याह्याला हाताला धरून पॅसेजच्या तोंडाशी नेलं. मुलगी राहिली बाजूला, भिंतच दाखवायचा कार्यक्रम झाला!

तेवढ्यात मुलाची आजी म्हणाली, "अहो, यांच्या आई असतात ना घरात? कुठं आहेत? आमच्या पोराला आधी त्यांच्या पाया पडू दे."

जनार्दन म्हणाला, "तिला जरा बरं नाही. झोपलीय."

खोटं! ऋतुजानं बापाकडं पाहिलं. शैलजानं जमिनीकडं पाहिलं.

पण म्हातारीचे डोळे गेले होते, कान शाबूत होते. आपलं नाव निघालं, नातजावई पाया पडायचं म्हणतोय, हे तिनं ऐकलं. लोटलेलं दार उघडलं. नेसूचं नवं लुगडं, केस चापून बसवलेले. बाहेर आली. आणि कशी आली? दोन्ही हात पदरात गुंडाळून! पॅसेजच्या अगदी मधून, ना या भिंतीला, ना त्या भिंतीला. पाऊल पुढं सरकवायची, थांबायची, अंदाज घ्यायची, परत सरकवायची. जनार्दन पॅसेजच्या तोंडाशीच उभा होता. त्यानं पुढं होऊन हात द्यायला पाहिजे होता ना? पण त्याचं लक्ष कुठं होतं? खोटं उघडं पडलं, आता पाहुण्यांना काय सांगायचं, तिकडं!

पायरी आली. खिळा नव्हता, मंडळी! कोण सांगणार तिला पायरी आली म्हणून? पाऊल अधांतरी पडलं, तोल गेला, पदरातला डावा हात सुटला आणि भिंतीकडं गेला — आता धरणार, आता धरणार — आणि हात मागं आला!

मागं घेतला तिनं! पडताना! पडणाऱ्या माणसाचा हात कुणाचं ऐकतो का हो? कशालाही धरतो तो. पण या बाईच्या हातात लेकाचा शब्द इतका खोल गेला होता की भिंतीच्या इतक्या जवळ जाऊन तो हात परत फिरला. आणि बाई पडली. सगळ्या पाहुण्यांसमोर, नव्या लुगड्यात.

सगळे धावले. जनार्दननं तिचं डोकं मांडीवर घेतलं. मनगट वाकडं झालं होतं, तोंड पांढरं पडलं होतं. आणि ती काय बोलली माहीत आहे? "आई गं" नाही, "देवा" नाही. म्हणाली, "जनू, भिंतीला हात नाही लागला रे. बघ तू. नाही लागला."

ऐकलं हो सगळ्यांनी! मुलाच्या आजीनं ऐकलं. ज्या व्याह्याला आत्ता हौसेनं भिंत दाखवली होती, त्यानं ऐकलं. तो दुसरीकडं बघायला लागला. कुणी जनार्दनला बोल लावला नाही. मुलगा गाडी काढायला धावला, मुलाची आई पाणी घेऊन आली. मुलाची आजी खाली फरशीवर बसली आणि म्हातारीचा पदर सारखा करत राहिली. त्या घरात त्यानंतर भिंतीकडं कुणीही पाहिलं नाही, आणि ते न पाहणंच जनार्दनला सोसेना. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं त्याला.

लग्न जमलं का, विचारताय? जमलं! माणसं मोठ्या मनाची निघाली. मनगटही जुळून आलं. जनार्दननं पॅसेजचा मॅट घासून काढला, धुता येणारा लावून घेतला. बाजारातून खिळा आणला, आपल्या हातानं ठोकला. मग एक दिवस सकाळी आईच्या खोलीत गेला, तिला उठवून दाराशी आणलं आणि म्हणाला, "आई, आता हात लावला तरी चालतं. धर भिंत. चल, दिवा लावायचाय."

म्हातारीनं हात वर केला आणि अधांतरीच ठेवला. लेकाच्या आवाजाकडं तोंड वळवून विचारलं, "लावू का रे?"

"लाव आई."

मग हात भिंतीला टेकला. चालत गेली. खिळ्यापाशी आली, चाचपला, म्हणाली, "हा नवीन आहे." बाकी काही नाही. दिवा लावला.

आणि मंडळी, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच! दारात थांबायची, हात वर करायची. "लावू का रे?" तिसऱ्या दिवशीही तेच. तो सांगून थकला, "आई, विचारू नकोस गं, तुझंच घर आहे, कितीही लाव!" ती "बरं बाबा" म्हणायची आणि सकाळी पुन्हा विचारायची. टोमणा नव्हता हो तो! टोमणा मारणारी बाई नव्हती ती. तिला खरंच वाटायचं, विचारावं लागतं. म्हणून जनार्दन आता रोज तिच्या आधी उठतो, पॅसेजमध्ये उभा राहतो, आणि रोज सकाळी आईला तिच्याच घराची भिंत धरायची परवानगी देतो.

माना खाली का घातल्यात? पेटीवाले, तुम्हीसुद्धा? घाला, घाला. तुमच्या घरी कुणाला काय सांगून ठेवलंय तुम्ही? "सोफ्यावर बसू नका." "पाहुणे आलेत, खोकू नका." "खोलीतच थांबा जरा." आणि तिकडून काय उत्तर आलं होतं? "बरं बाबा." ऐकू आलं होतं ना?

भिंत बघायला असते की धरायला, याचं उत्तर मला देऊ नका. घरी जा. कुठल्या तरी भिंतीवर, दाराच्या चौकटीवर एखादा तेलकट डाग असेल. फडकं घेऊन जाऊ नका तिथं. तो हात ज्याचा आहे, त्या माणसापाशी जा, तो हात आपल्या हातात घ्या, आणि तिनं किंवा त्यानं विचारायच्या आधी "धर" म्हणा.

आता देवाचं नाव घेऊ या. पण आज मोठ्यानं नको. टाळही नकोत. हळूच घ्या, घरी कुणी तरी दार लोटून बसलंय.