गिळला, पण पचला नाही

लेकाच्या रक्ताचा रिपोर्ट यायचा होता, म्हणून मी लॅबच्या बाकावर त्याला मांडीवर घेऊन बसले होते. शेजारी एक वॉचमन, गणवेशातच, आणि त्याची कॉलेजात जंतूंचा अभ्यास करणारी बहीण. त्याला टायफॉइड उलटला होता.

"दादा, ताप गेला म्हणून गोळ्या सोडतात का कुणी?"

"अगं, ठणठणीत होतो मी! पण मेलेला जंतू परत उठतो कसा, ते सांग."

"मेलाच नव्हता. लपला होता."

"कुठे?"

"जंतूंना गिळणाऱ्या पेशी असतात ना रक्तात? त्यांच्याच पोटात."

"गिळल्यावर पचवत नाहीत होय?"

"एरवी पचवतात. पण हा आतून बारीकशी सुई टोचतो, आपला रस सोडतो. मग ती पेशी पचवायचंच विसरते. वर त्याला अंगभर फिरवून आणते."

"म्हणजे चोर वॉचमनच्याच केबिनमध्ये!"

"आणि डबाही त्याचाच खातोय."

"बेटा हुशार आहे हं!"

"हसू नकोस. उरलेल्या गोळ्या कुठे आहेत?"

"वाया कशाला घालवायच्या? धाकट्या पोरीला ताप आला, तेव्हा तिला अर्धी-अर्धी दिली. दोन दिवसांत उतरलासुद्धा."

"वहिनीला फोन लाव. पोरीला इकडेच घेऊन यायला सांग."

"अगं, उतरलाय म्हणतोय ना ताप!"

"तुझाही उतरला होता."

मी लेकाच्या मानेवर हात ठेवला. वॉचमनने फोन काढला.

"हॅलो, धाकटी काय करतेय गं? खेळतेय? असू दे. तशीच उचल आणि लॅबमध्ये घेऊन ये."