विझलेल्या ज्योतीनंतरची पाच मिनिटं

हिंदी मुलखातल्या पोस्टाच्या रांगेत पुढून मराठी कानी आली, तशा शरदिनीबाई जरा सरकल्या. ब्रह्मा घाटावरचे अग्निहोत्री अण्णा आणि तेलावरच्या वीजकेंद्रात नोकरी करणारी त्यांची लेक ऋता पाकीट घेऊन उभे होते.

"माफीनामा रजिस्ट्रीनं पाठव, बात खतम. नोकरी तर राहील."

"चूकच नाही, तर माफी कसली, अण्णा?"

"साहेबानं बॉयलर पेटव म्हटलं, तू नाही म्हणालीस."

"आतली ज्योत विझली होती. आम्ही जाड तेल तापवून त्याचा फवारा जाळतो. त्या आगीनं पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाइन फिरवते, तेव्हा वीज होते. पण ज्योत विझली की न जळलेलं तेल आत वाफ होऊन कोंडतं. पाच मिनिटं पंख्यांनी ते बाहेर घालवायचं, मगच पेटवायचं."

"पाच मिनिटांसाठी एवढं रामायण?"

"साहेबांना तेवढाही धीर नव्हता. ऐकलं असतं, तर बॉयलर फुटला असता. शेजारी सात माणसं होती."

"थांब. विझलेला अग्नी तसाच पेटव म्हणाला?"

"हो. आणि आपल्या घरचा अग्निहोत्राचा अग्नी विझला तर तुम्ही काय करता?"

"आधी प्रायश्चित्त. एकदा एक बडा यजमान त्याआधीच पेटवायची घाई करत होता, त्याला पाटावरून उठवला होता मी."

"मग मी कोणाची मुलगी?"

"अगला, जल्दी कीजिए," खिडकीतून आवाज आला.

अण्णांनी पाकिटाचे दोन तुकडे केले.

"भैया, एक कोरा कागद दीजिए. ऋता, काय घडलं ते तू सांग, मी लिहितो. आणि वर 'सविनय' घालायचं नाही."