वाकळीतला पिवळा फ्रॉक

(नेरे. पत्र्याच्या घरात खाटेवर नवी वाकळ पसरलेली. मोनिका, वय तिशीपार. तिची आई अनुसया.)

अनुसया : ह्यो मधला तुकडा काढ.

मोनिका : आई, रविवारी पुण्यात प्रदर्शन आहे. माझ्या लहानपणीच्या कपड्यांची वाकळ, आणि माझाच फ्रॉक काढू?

अनुसया : पेटीतलं बाकी समदं घे. ह्यो पिवळा न्हाई.

मोनिका : अगं, मला सगळ्यात जास्त हाच आठवतो. वीटभट्टीवर मी बाभळीखाली बसलेली, तू डोक्यावर विटा घेऊन जाता जाता वळून बघायचीस. ते मी दोऱ्यानं काढलंय. हे बघ.

अनुसया : ती तू न्हाईस.

मोनिका : मग कोण?

अनुसया : तुझी थोरली बहीन. तीन वर्सांची व्हती. तू जल्मायच्या आदी गेली.

मोनिका : पण मला आठवतंय ते!

अनुसया : मी निजवताना सांगायची तुला. तुझंच म्हनून. तिच्याविषयी बोलायची सोय नव्हती घरात. तुझ्या बानं नाव पन तिचंच ठिवलं तुला.

मोनिका : ती पण मोनिका?

अनुसया : व्हय.

मोनिका : मग भट्टीवरचं माझं काय आहे?

अनुसया : काय न्हाई. तू भट्टी बगितलीच न्हाईस. तिच्यामागं काम सोडलं आमी.

मोनिका : कशानं गेली?

अनुसया : मारुंजीला भट्टी व्हती, आता सोसायटी झालीया तितं. इटांसाठी माती काढून खड्डा पडलेला. पानी साचलेलं. म्हनून तिला लुगड्याच्या धडप्यानं बाभळीला बांदून ठिवायचो.

मोनिका : मग?

अनुसया : लई रडत व्हती. मुकादम वरडला, पोरीला गप कर न्हाईतर घरी जा. मी सोडली तिला. म्हनलं, खेळंल जरा. दोन खेपा टाकून आले तर...

मोनिका : आई.

अनुसया : फ्रॉक त्या दिशी धुऊन वाळत घातलेला. बाकी कापडं तिच्यासंगं पुरली, ह्यो तेवढा ऱ्हायला.

मोनिका : बाबांना माहीत आहे, तू सोडलंस ते?

अनुसया : न्हाई. गाठ सैल व्हती, आपनच सुटली, आसं सांगितलं म्या.

मोनिका : आणि त्यांनी ते मानलं?

अनुसया : सकाळी गाठ त्यांनीच मारली व्हती.

मोनिका : म्हणजे इतकी वर्षं ते स्वतःलाच...

अनुसया : व्हय. आन् मी बगत ऱ्हायले.

मोनिका : बाहेर ओट्यावर बसलेत ते.

अनुसया : हाक मार त्यांना. आन् तू हितंच थांब, जाऊ नको.