लाल पिंपाच्या पुढे

(तळ्यावर दाट धुकं. दोघींची शर्यतीची होडी. लांबच लांब आणि जेमतेम बसण्याइतकी अरुंद. वल्हवणाऱ्यांची तोंडं मागे असतात, होडी जिकडे जाते ते त्यांना दिसत नाही. मुंगीच्या पाठीमागे तिची वहिनी बसलेली आहे.)

वहिनी: थांब म्हणतेय ना! तिसऱ्यांदा सांगतेय. थांब.

मुंगी: थांबले. घे. आता काय?

वहिनी: वल्ह्याचे किती हात मारून झाले?

मुंगी: दोनशे चार.

वहिनी: नक्की?

मुंगी: राग आला म्हणून आकडे विसरत नाही मी. धक्क्यापासून तरंगत्या लाल पिंपापर्यंत दोनशे चाळीस हात, रोजचेच. छत्तीस राहिले. मारू?

वहिनी: नको. ऐक जरा.

मुंगी: काय ऐकू? कालपासून तू माझ्याशी चार शब्द बोलली नाहीस. सरांशी मात्र तासभर बोललीस.

वहिनी: ते नंतर भांडू. हा आवाज कसला?

मुंगी: सरांची मोटरबोट असेल.

वहिनी: मोटरबोटीचा आवाज जवळ येतो, लांब जातो. हा एकसारखा आहे.

मुंगी: पाण्याचा आहे.

वहिनी: सांडव्याचा आहे, मुंगे.

मुंगी: काहीतरीच तुझं. सांडवा पिंपाच्या पुढे कुठच्या कुठे. वर चार दिवस पाऊस झालाय, पाणी जोरात पडत असेल, म्हणून इथवर ऐकू येतंय.

वहिनी: असेल. वल्ही सोडू नकोस हं. पाती पाण्यावर सपाट ठेव.

मुंगी: ठेवलीत. लहान मूल आहे का मी?

वहिनी: बरं, मला एक सांग. आपण थांबलोय ना?

मुंगी: हो.

वहिनी: मग आवाज वाढतोय कसा?

मुंगी: वाढतोय खरा.

वहिनी: मुंगे?

मुंगी: वहिनी, पिंप तर दिसलं नाही ना आपल्याला?

वहिनी: या धुक्यात वल्ह्याचं टोक दिसत नाही. पिंप हातभरावरून गेलं असेल तरी कळलं नसतं.

मुंगी: पण मी मोजलेत! एकही सुटला नाही. देवाशपथ.

वहिनी: सुटला नाहीच. हातही दोनशे चारच झालेत. चूक तुझ्या मोजण्यात नाही. ते दोनशे चाळीस रोजचे आहेत, सकाळचे, अंग मोकळं करायचे. आज तू शर्यतीसारखी ओढत होतीस. एकेका हाताला होडी सव्वापट, दीडपट पळत होती. त्यात पाण्यालाही ओढ आहे.

मुंगी: मग तू आधीच थांबवलं का नाहीस? दिशा तू बघायचीस, हाका तू द्यायच्यास!

वहिनी: होडी इतकी छान पळत होती गं. दोन वर्षांत कधी अशी पळाली नव्हती. मला वाटलं, अजून दहा हात. मग अजून दहा.

मुंगी: कमाल आहे तुझी!

वहिनी: हो. माझीच चूक आहे.

मुंगी: सर सकाळी काय म्हणाले होते? पुढे होड्या अडवणारी बोयांची दोरी पुरात वाहून गेलीय, पिंपाच्या पुढे एक हातही जायचं नाही.

वहिनी: माहीत आहे. सर! ओ सर!

मुंगी: सर! सरऽऽ! छे, ते नाहीत जवळपास. सरावाला आलेल्या त्या परदेशी आठ जणींच्या होडीचं काहीतरी मोडलं म्हणून थांबले होते ना तिकडे. धुकं तेव्हा नव्हतंच.

वहिनी: वल्ही उलटी मार. हळू. धरून ठेवू होडी आहे तिथे. मी मान वळवून बघते.

मुंगी: दिसतंय काही?

वहिनी: पांढरंच सगळं.

मुंगी: बघत राहा. मी मारतेय उलटी.

वहिनी: थोडं विरळ झालंय… अगं आई गं.

मुंगी: काय? काय दिसलं?

वहिनी: पाणी संपतंय.

मुंगी: म्हणजे?

वहिनी: एक रेघ आहे. पुढे पाणीच नाही. नुसतं धुकं.

मुंगी: किती लांब? वहिनी, किती लांब? होडीच्या लांबीत सांग. तीन होड्या? चार?

वहिनी: होड्यांत… मला…

मुंगी: वहिनी, तुझी वल्ही थांबलीत. मी एकटीच मारतेय. वहिनी!

वहिनी: माझे हात चालत नाहीयेत.

मुंगी: चालत नाहीत म्हणजे? दुखलं का काही? पाठ?

वहिनी: पाठ नाही. पाठ कधीच दुखत नव्हती. सरांना खोटं सांगितलं मी काल. पाठीचं निमित्त काढून म्हटलं, हिच्याबरोबर दुसरीला बसवा.

मुंगी: खोटं? मग खरं काय होतं?

वहिनी: भीती वाटते मला. बाळ झाल्यापासून. होडीत पाय टाकला की धक्का सोडवत नाही. रोज. तुझ्या पाठीमागे बसते म्हणून तुला दिसत नाही.

मुंगी: तुला? घरात काचेच्या कपाटात पदक आहे तुझं. मी ते बघून वल्हं हातात धरलं!

वहिनी: त्या पदकाच्या दिवशी माझ्या डाव्या हाताच्या होडीतली ती, तीन ऑलिंपिकची विजेती, होडीच्या कडेने ओकत होती. उजवीकडच्या दोघी जुळ्या डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या. सगळ्या जगाच्या वाघिणी, आणि एकीच्याही तोंडात थुंकी नव्हती. तेव्हा वाटलं होतं, म्हणजे हे सगळ्यांनाच होतं. पण आता होतंय ते तसं नाही. आता मला बाळ दिसतं.

मुंगी: ऐक. वहिनी, माझं ऐक. बाळ दादाकडे आहे, दूध पिऊन झोपलंय. होडीत आपण दोघीच आहोत. मागे बघू नकोस आता. अजिबात नको. माझ्या पाठीकडे बघ.

वहिनी: पाठीकडे.

मुंगी: हो. सहा फुटी मुंगीची पाठ आहे, भिंतीएवढी. दिसतेय?

वहिनी: दिसतेय. बनियन उलटं घातलंयस. शिवण बाहेर आहे.

मुंगी: असू दे. आता सांग. उलटी मारत राहिलो तर सुटू?

वहिनी: नाही. उलट्या वल्ह्यात जोर नसतो. दमलो की गेलो. वळवायलाच हवी.

मुंगी: वळवताना होडी आडवी होईल. पाणी पोटावर घेईल.

वहिनी: घेईल. दहा हात लागतील. तेवढ्यात किती ओढले जाऊ, देव जाणे.

मुंगी: उडी मारून पोहत गेलो तर?

वहिनी: वेडी आहेस का! होडी सोडायची नाही. काही झालं तरी नाही. एकदा वल्ही हातून सुटली की ही फळकुटासारखी उलटते.

मुंगी: बरं, नाही सोडत. पण धक्का कुठे आहे? वळून चुकीच्या दिशेला गेलो तर?

वहिनी: गप्प बस जरा. श्वास पण हळू घे.

मुंगी: काय पुटपुटतेयस?

वहिनी: नाव घेतेय.

मुंगी: दादाचं?

वहिनी: देवाचं गं! या वेळीही चेष्टा सुचते तुला.

मुंगी: चेष्टा नाही केली तर रडेन मी.

वहिनी: शू. ते ऐक. उजवीकडून, लांबून. बाईचा आवाज.

मुंगी: कर्ण्यातून ओरडतेय कोणी. त्या आठ जणींची सुकाणूवाली! ती नाही का, एवढीशी, सोनं जिंकल्यावर मैत्रिणींनी आनंदाने पाण्यात फेकली होती जिला.

वहिनी: मोजतेय ती. तिच्या भाषेत. म्हणजे त्यांची होडी सुरू झालीय आणि त्या धक्क्याकडे निघाल्यात. तो आवाज धरायचा. ऐकू येतोय ना तुला?

मुंगी: सांडव्याच्या आवाजातून पुसट. येतोय.

वहिनी: डावं ओढायचं, उजवं ढकलायचं. एकदम. मी म्हणेन तेव्हा.

मुंगी: हात चालतायत तुझे?

वहिनी: बघू. देवा, चालव. हं… एक!

मुंगी: आणि?

वहिनी: दोन! तीन! लहान मार, खोल नको. चार!

मुंगी: कलंडतेय, वहिनी!

वहिनी: कलंडू दे. मांडीने सावर. पाच!

मुंगी: पाणी आत येतंय!

वहिनी: येऊ दे. सहा! सात! ओंडका, ओंडका! तुझ्या उजव्या पात्याजवळ! पातं उचल!

मुंगी: गेला. घासून गेला.

वहिनी: आठ! नऊ! पुरे. आता सरळ. दोन्ही वल्ही. पूर्ण जोर. ओढ!

मुंगी: ओढ!

वहिनी: ओढ!

मुंगी: वहिनी…

वहिनी: काय?

मुंगी: काही नाही. ओढ.

वहिनी: आता सांडवा तुझ्या समोर आला. माझ्या समोर तू आहेस. मला काही दिसत नाही. काय दिसतंय तुला?

मुंगी: धुकं.

वहिनी: नुसतं?

मुंगी: नुसतं धुकं. बोलू नकोस, ओढ.

वहिनी: तुझा हात लवकर पडतोय. घाई नको, मी मागे राहतेय.

मुंगी: बरं. असं?

वहिनी: असं. तसाच ठेव. ओढ!

मुंगी: आपण पुढे चाललोय का? मला कळत नाहीये. वहिनी, आपण जागच्या जागी तर नाही ना?

वहिनी: बाईचा आवाज ऐक. वाढतोय का?

मुंगी: नाही.

वहिनी: ओढत राहा.

मुंगी: नाही वाढत.

वहिनी: ओढ गं. दंड गेले तरी ओढ. दुसरं काही नाही आपल्या हातात.

मुंगी: ओढ… ओढ… आता? आता वाढला का?

वहिनी: थोडा. हो. थोडा.

मुंगी: खरं सांग.

वहिनी: खरंच. तिच्या भाषेतले आकडे वेगवेगळे ऐकू येतायत. मघाशी नुसती किंकाळी होती. ओढ! अजून वीस. नंतर मारू हलके.

मुंगी: वीस म्हणजे माझे वीस की रोजचे वीस?

वहिनी: तुझे. रागातले.

मुंगी: पिंप! वहिनी, पिंप! डाव्या बाजूला, आत्ता गेलं!

वहिनी: देवा रे माझ्या. थांबू नकोस. अजून दहा.

मुंगी: मला जमत नाही आता.

वहिनी: दहाच. आठ. चल, पाच. चार… तीन… दोन… बस. ठेव पाती पाण्यावर.

मुंगी: सुटलो?

वहिनी: इथे पाण्याला ओढ नाही. सुटलो.

मुंगी: वहिनी, मी खोटं बोलले.

वहिनी: कधी?

मुंगी: धुकं नव्हतं. विरलं होतं तेवढ्यापुरतं. सगळं दिसत होतं मला. तो ओंडका कडेपर्यंत गेला, उभा राहिला आणि दिसेनासा झाला. आवाजसुद्धा आला नाही पडल्याचा.

वहिनी: आणि तू ओढत राहिलीस.

मुंगी: तुला सांगितलं असतं तर तुझे हात पुन्हा थांबले असते.

वहिनी: हो. थांबले असते.

मुंगी: काल मला वाटलं, माझ्यात काही कमी आहे म्हणून तू जागा सोडतेयस. रात्रभर तेच डोक्यात.

वहिनी: तुझ्यात? वेडे. तुला तोंडावर सांगायला लाज वाटली म्हणून सरांकडे गेले. तुझ्या डोळ्यांत मी काचेच्या कपाटातली होते ना.

मुंगी: मग आता? सोडणार जागा?

वहिनी: माहीत नाही. आत्ता विचारू नकोस. आत्ता मी फक्त होडीत बसलेय.

मुंगी: बरं.

सर: (मोटरबोटीतून, धुक्याआड) कोण आहे तिकडे? मुलींनो! उत्तर द्या! दोघी आहात का?

मुंगी: दोघी आहोत, सर!

सर: किती हाका मारल्या! कुठे गेला होतात?

मुंगी: सर, आम्ही… ते पिंप दिसलं नाही आणि…

वहिनी: पिंपाच्या पुढे गेलो होतो, सर. पार कडेपर्यंत. चूक माझी. दिशा मी बघत होते.

सर: अरे देवा. लागलंय का कोणाला? तुझी पाठ?

वहिनी: पाठ धडधाकट आहे. मला भीती वाटते, सर. ती काल सांगायची राहिली.

सर: बरं. बरं. बोलू आपण. आधी बाहेर चला. दोर टाकतो, ओढून नेतो तुम्हाला.

वहिनी: काय गं? ओढून न्यायचं?

मुंगी: तू सांग.

वहिनी: नको, सर. तुम्ही पुढे व्हा, हाका मारत राहा. आम्ही येतो मागून.

मुंगी: वहिनी, माझे दंड गेलेत.

वहिनी: माझेही. गेले तर गेले. चल.