पेपरावरचं दुसरं नाव

— नाही नाही, बसा हो स्नेहलताजी, उठता कशाला? मी चिडलेलो नाही, हसू येतंय मला. शलाकाचा सत्कार, आपल्या मंडळात, आणि शाल कोणी घालायची? मी! कारण काय, तर तिची चार हजार सायटेशन्स. तुम्ही फौजेतल्या, बबीन्याच्या छावणीतल्या — तुमच्याकडे सायटेशन म्हणजे पदक देताना वाचतात ते, शौर्याचं. आमच्याकडे कसलं शौर्य? दुसऱ्या कोणी आपल्या पेपराच्या, म्हणजे शोधनिबंधाच्या, शेवटी बारीक अक्षरात लिहायचं की बुवा, हे काम अमक्याने आधी केलंय. बस. चहा घ्या, गार होतोय. आता, हिचा पेपर वाचला किती जणांनी? मी सांगतो — वीस. बाकीचे एकमेकांचं बघून उतरवतात, भेडचाल आहे सगळी! माझी? आहेत की माझीही. एकसष्ट. त्यातली चाळीसेक मीच मला दिलीत, ते जाऊ द्या, सगळेच देतात. पण माझं काम म्हणजे शुद्ध फिजिक्स, ते समजायलाच जन्म जातो. आणि हिचं? मटार! हसू नका, खरंच मटार.

नामदेवरावांची मुलगी ही, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते ते. एमएस्सीला माझ्याकडे होती, पीएचडीलाही माझ्याकडेच राहिली. एकदा समथरच्या बाजारात गेली, तिथे गरौठ्याकडचा वाळलेला मटार भल्या मोठ्या नरसाळ्यातून पोत्यात पडत होता, तो मधेच अडकला. खाली भोक उघडं, वर एवढा ढीग, आणि दाणा पडेना. माणूस काठीने ठोकतोय, ही बघत उभी. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर हजर — सर, दाणे का अडकतात ते मला कंप्युटरवर काढायचंय. म्हटलं, काढ बाई. लोक दाणे गोल धरून गणित करायचे; हिने चेपलेले, सुरकुतलेले धरले, एकेक दाणा वेगळा. त्या तिथे, आतल्या खोलीत, माझ्याच कंप्युटरवर प्रोग्राम लिहिला. बिजली गेली की पुन्हा पहिल्यापासून. माझी बायको, वसुंधरा, तिला पोहे नेऊन द्यायची, जसं काही घरात मोठं संशोधन चाललंय! आता म्हणे औषधाच्या गोळ्यांची यंत्रं बनवणारे तोच प्रोग्राम वापरतात, सिमेंटवाले वापरतात, त्यांचीही पूड अशीच अडकते ना, म्हणून हा आकडा. अहो, हत्यार चांगलं चाललं म्हणून काय लोहाराला शास्त्रज्ञ म्हणायचं?

त्या पेपरावर माझं नाव? होतं ना. पहिलं तिचं, दुसरं माझं, पद्धतच आहे. मसुदा आणून टेबलावर ठेवला, म्हणाली, सर, बघून द्या. मी बघितला. वरवर नाही — अकरा महिने बघितला. का म्हणजे? चूक असणारच ना! चोवीस वर्षांची पोर, बाजारातून मटार बघून येते आणि — मी ओळ न् ओळ तपासली. अख्खा प्रोग्राम स्वतः नव्याने लिहून पाहिला, दोनदा. चूक सापडेना. एक चिन्ह इकडचं तिकडे सापडेना हो! ती दर सोमवारी यायची, त्या दारात उभी राहायची — 'सर, झालं?' मी म्हणायचो, 'बरंच कच्चं आहे अजून.' रडली असेल, मला काय ठाऊक, माझ्यासमोर तर नाही रडली. शेवटी वसुंधराच म्हणाली, अहो, देऊन टाका ना पोरीचं. तेव्हा सांगितलं, पाठव कुठे पाठवायचं ते, पण माझं नाव काढ, असल्या पोरखेळावर मला नाव नको. काढलं तिने. चुपचाप काढलं. त्याचा मला काही पस्तावा नाही. दुसरं नाव राहिलं असतं तर तेवढीच सायटेशन्स माझ्याही — छे, मी कुठे मोजतो? सकाळी कंप्युटर लावला की दिसतो आकडा. परवा चार हजार दोनशे नऊ होता, आज चार हजार दोनशे बारा आहे. नुसतं दिसतं म्हणून सांगितलं.

तेव्हा तुम्ही दुसरं कोणी बघा. — काय? तिनेच सांगितलं? सर आले तरच सत्कार घेईन म्हणाली? बघा, बघा, म्हणजे चार माणसांत मला — काय म्हणालात? पुन्हा सांगा. सावकाश सांगा.

'सरांनी अकरा महिने माझी एकेक ओळ तपासून दिली, आणि सगळं श्रेय मला एकटीला मिळावं म्हणून स्वतःचं नाव काढायला लावलं' — असं म्हणते? तुमच्याशी बोलली? सगळीकडे सांगते? भाषणांतसुद्धा?



स्नेहलताजी, मी आत्ता जे बोललो — ते तिला सांगू नका. नाही, सांगा. तुम्हीच सांगा, माझ्या तोंडून नाही निघायचं. — नको. थांबा. नका सांगू. तिला वाटतंय तसं वाटू द्या.

येत नाही मी. माझी तब्येत बरी नाही म्हणावं. हात कसले जोडताय? जा तुम्ही. जा म्हटलं ना.