सुगंधाची गाणी

कुडाळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात स्वप्ना झेरॉक्ससाठी बसली होती. पुढे पिंगुळीचे एक आजोबा जुना लॅपटॉप पोटाशी धरून दुकानदाराशी बोलत होते.

"अर्ध्या तासात तापान बंद पडता रे. आत सुगंधाची गाणी आसत. ती तेवडी भायर काड."

"सुगंधा म्हणजे?"

"माझी बायल. घशाचा ऑपरेशन झाला, आता आवाजच नाय तिका."

"मग यूएसबीची डिस्क नको, आजोबा. ह्या जुन्या लॅपटॉपाचा यूएसबी हळू, चार तास लागतले. फायरवायरची घेवा, ती दुसऱ्या जलद वायरीन जोडतत, वीस मिनटांत होतला."

वीस मिनिटं स्वप्नाचीही नजर पडद्यावरून हलली नाही.

"इली सगळी. एक लावन बघूया?"

"थांब. तिका आत हाडतंय. भायर रिक्षेत बसली आसा."

स्वप्नाने उठून आपली खुर्ची पुढे सरकवली.